आतून कडी नसलेलं बाथरूम

बाथरूमच्या नव्या दाराला आतून कडी नाही, हे लक्षात आलं तेव्हा यादोराव गोंडाणे यांची खात्री पटली. तोपर्यंत नुसता संशय होता.

संशयाची सुरुवात नागपुरात झाली होती. यादोरावांची बायको वच्छलाबाई पावसाळा सरता सरता मागच्या वाडीत तुराट्यांचा भारा उचलताना पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नागपुरात झालं. मुलगा जीवन तिथं बँकेत आहे, म्हणून पुढचे काही आठवडे त्यांनी त्याच्याच घरी राहायचं ठरलं. यादोरावही राहणार होते. पण ऑपरेशनच्या चौथ्या-पाचव्या दिवशी जीवननं त्यांना बाल्कनीत बोलावलं.

"बाबा, तुमी नाकाडोंगरीले जा. घरी कोनीतरी पाहिजे. काम काढलं हाये."

"कोनतं काम?"

"बाथरूमचं. आई येईपर्यंत नवीन करून टाकू."

दोन वर्षांपूर्वी घराला रंग द्यायचा विषय निघाला तेव्हा याच मुलानं "पाहू" म्हणून तो टाळला होता. आता त्यानं न विचारता ठेकेदारही ठरवला होता. यादोराव खोलीत गेले तेव्हा वच्छलाबाई आणि सून रुचिता बोलता बोलता थांबल्या. ते त्यांनी पाहिलं आणि ते एसटीनं परत आले.

ठेकेदार तुमसरचा, भूषण. तिशीचा, बोलका, कानात सतत ब्लूटूथची दांडी. पहिल्याच दिवशी त्यानं जुन्या बाथरूमवरून नजर फिरवली आणि नळापाशी थांबला.

"काकाजी, हा नळ कोनं उपटला? भितीतून पाइपच हालून राहिला."

"जुना हाये. इतके वर्स झाले."

"अन् ही खुंटी?"

"तेबी जुनीच."

भूषणनं फोटो काढला आणि कुणाला तरी पाठवला. कुणाला, ते यादोरावांनी विचारलं नाही. पण लक्षात ठेवलं.

मग तो व्हरांड्यात बसून मोबाइलवर चित्रं दाखवू लागला. सिमेंटच्या रंगाच्या मोठमोठ्या टाइल्स, त्यांना चकाकी अजिबात नाही. काळे नळ, काळा शॉवर. मध्ये काचेची भिंत. साबण ठेवायला भिंतीतच कोरलेला कोनाडा. जमिनीला न टेकणारा, भिंतीतून बाहेर आलेला कमोड. पाय ठेवला की आपोआप लागणारे दिवे.

"सध्या हाच ट्रेंड हाये काकाजी. डार्क, मॅट. नागपूरले सारे हेच करून राहिले."

यादोरावांनी चित्र डोळ्याजवळ नेलं. "काळ्या भिती, काळा नळ, अन् आत गेल्यावर लाइट. बावा, सारी नोकरी म्या हेच पाहिलं ना. आता आंघोळीले बी खाणीतच उतरू का?"

भूषण हसला. "तुमच्यासाठी लाइट कलर घेऊ. जीवनभाऊनं बी तेच सांगतलं हाये."

"जीवननं अजून काय काय सांगतलं?"

"लिस्ट हाये मोठी. पाहालच तुमी."

यादोराव पाहत गेले. चिखल्याच्या मँगनीज खाणीत त्यांची उभी हयात जमिनीखाली गेली होती. निवृत्त झाल्यावर कॉलनीतलं क्वार्टर सोडून त्यांनी इथं चार खोल्या बांधल्या. बाथरूमची प्रत्येक वीट त्यांच्या देखरेखीखाली लागली होती, तरी ती निघताना पाहणं त्यांना जड गेलं नाही. त्यांचं लक्ष तिच्या जागी काय येतंय याकडे होतं.

आधी उंबरा गेला. बाथरूमची जमीन आणि बाहेरची जमीन एका पातळीत आली.

"पाणी बाहेर येईन ना गा."

"नाई येत. आत उतार देल्ला हाये. आता उंबरा कोनीच नाई ठेवत."

मग दार रुंद झालं. चौकट फोडून हातभर वाढवली.

"हे काहून?"

"चाक गेलं पाहिजे म्हणे जीवनभाऊ."

"कायचं चाक?"

भूषणच्या कानातला फोन वाजला आणि तो बोलत बाहेर गेला. यादोराव रुंद केलेल्या चौकटीपाशी उभे राहिले. घरात चाक असलेली एकच वस्तू शिरू शकते, असा त्यांनी हिशेब केला, आणि ती चाकांची खुर्ची त्यांनी नागपूरच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात ओळीनं लावलेली पाहिली होती.

त्या दुपारी त्यांनी जीवनला फोन लावला. रुचितानं उचलला आणि व्हिडिओ सुरू केला. वच्छलाबाई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या.

"कशी हायेस वो?"

"बरी हावो. जेवले का तुमी?"

"जेवलो. उभी राहून दाखव बरं."

वच्छलाबाईंनी रुचिताकडे पाहिलं. "आता नाई. आता बसले हावो ना."

"मंग चालतेस केव्हा?"

"चालतो. सकाळी चालतो."

दुसऱ्या दिवशी यादोरावांनी सकाळी फोन केला. वच्छलाबाई पलंगावर बसलेल्याच होत्या.

हा सगळा पुरावा त्यांनी देवाजीसमोर मांडला. देवाजी खाणीतलेच, लॅम्प रूममध्ये होते. त्यांचं घर पुलाच्या पलीकडे. यादोराव रोज संध्याकाळी तिकडे जात आणि परतताना पुलाच्या कठड्यावर थोडा वेळ बसत. खालच्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या शेतांत, कापणी सुरू झाली होती. कुणी विचारलं तर ते म्हणत, बांध्या पाहत बसलो.

"आता भितीले स्टीलचे दांडे लावून राहिला," यादोराव म्हणाले. "कमोडच्या दोन्ही बाजूनं. शॉवरखाली एक. अन् भितीले बसाची पाटी लावली, उघडते अन् मिटते. उभ्यानं आंघोळ नाई कराची का मानसानं?"

देवाजींनी सुपारी कातरली. "आमच्या साळभावाकडे असंच केलं होतं गा. त्याच्या मायले लकवा मारला तवा."

"ठेकेदार म्हणते ट्रेंड हाये."

"लकव्याचा कायचा ट्रेंड?" देवाजी म्हणाले. "तुले सांगत नसतील. म्हातारा मानूस, घाबरन म्हणून."

"मी घाबरतो का?"

"मी कोठी म्हणतो? ते म्हणत असतीन."

यादोराव उठले. वच्छला आता चालणार नाही. डॉक्टरनं जीवनला सांगितलं आहे, जीवननं रुचिताला, रुचितानं ठेकेदाराला; आणि ज्याची ती बायको, त्याला फक्त टाइल्सचा रंग विचारला. सगळ्या वस्तू एका ओळीत लावल्या की दुसरा अर्थ निघत नव्हता. एकच गोष्ट त्या ओळीत बसत नव्हती. शॉवरखालचा दांडा चुकीच्या उंचीवर होता. यादोराव उंच आहेत आणि वच्छलाबाई त्यांच्या खांद्यालाही लागत नाहीत. दांडा बरोबर यादोरावांच्या हाताशी येत होता.

त्यांनी भूषणला ते दाखवलं. "हा दांडा तिच्या छातीशी येईन. खाली घे."

"माप जीवनभाऊचंच हाये काकाजी. दोनदा विचारलं म्या."

"त्याले त्याच्या मायची उंची नाई मालूम?"

"तुमी फोन करून पाहा."

त्यांनी फोन केला नाही. विचारलं की खोटं उत्तर येणार, असं आता त्यांनी गृहीत धरलं होतं. ठेकेदारानं माप ऐकण्यात चूक केली आणि ती झाकतोय, असा निष्कर्ष काढून त्यांनी त्याच्या बाकीच्या कामाकडेही त्याच नजरेनं पाहायला सुरुवात केली.

मधले दोन दिवस त्यांना तुमसरला जावं लागलं. पेन्शनसाठी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि त्यासाठी यंत्रावर बोट ठेवायचं असतं. यादोरावांच्या बोटांच्या रेषा दगडानं केव्हाच घासून नेल्या आहेत. पहिल्या दिवशी यंत्रानं एकही बोट घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी डाव्या अंगठ्यावर काम भागलं. परत आले तेव्हा संध्याकाळ झाली होती, भूषणची माणसं गेली होती आणि बाथरूमच्या मागच्या भिंतीवर टाइल्स लागल्या होत्या.

बाथरूम चांगलं दिसत होतं, हे त्यांनी स्वतःशी कबूल केलं. फिकट बदामी टाइल्स, खाली पाय घसरू नये म्हणून खरखरीत, कडेनं एक गडद पट्टी. कोनाडा, त्यात साबण. भिंतीवर अधांतरी कमोड. त्यांनी दार ओढून पाहिलं, ते बाहेरच्या बाजूला उघडत होतं. आतून कडी शोधली, तर कडी नव्हती. एक गोल कुलूप होतं, त्याला बाहेरून खाच होती. नाणं घालून फिरवलं की कुणालाही उघडता यावं अशी. उठू न शकणाऱ्या माणसाला बाहेर काढण्यासाठी. इथं त्यांची खात्री पटली.

मग त्यांच्या लक्षात आलं की खोली आखूड झाली आहे. कमोडच्या मागची भिंत वीतभर पुढं आली होती, तीही छातीपर्यंतच. वर एक फळीसारखी कड होती. ही भिंत त्यांनी बांधली नव्हती.

खाणीत शिफ्टची माणसं आत जाण्याआधी एक जण सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन पुढं जातो. तो छत ठोकत जातो. दगड पक्का असेल तर आवाज खणखणीत येतो. थर सुटलेला असेल तर बद्द येतो, फुटक्या मडक्यासारखा. बद्द आवाज आला की तेवढा दगड आधी पाडायचा, मगच खाली माणूस उभा करायचा. यादोरावांनी वर्षानुवर्षं हे काम केलं. पाडायचं की नाही यावर तिथं चर्चा होत नाही.

त्यांनी बोटाच्या पेरानं डावी भिंत ठोकली. पक्की. उजवी, पक्की. मग कमोडवर ओणवं होऊन मागची ठोकली.

बद्द.

त्यांनी वर, खाली, दोन्ही टोकांना ठोकून पाहिलं. सगळीकडे बद्द. भिंत नव्हतीच, टाइल्स कशावर तरी नुसत्या उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी वच्छलाबाई येणार होत्या. सकाळी भूषणची माणसं आली नाहीत. यादोरावांनी त्याला फोन लावला. मागं बँड वाजत होता.

"भूषण, ती मागची भित पोकळ हाये."

"काय?"

"भित! पोकळ हाये!"

"काकाजी, मी लग्नात हाव. ते तसंच राहते. तुमी काही हात लावू नका. आतमधी जे हाये ते…"

नाकाडोंगरीत फोन जंगलाच्या मर्जीनं चालतात. तो तिथंच तुटला आणि पुन्हा लागला नाही. यादोरावांच्या हाती फक्त 'हात लावू नका' एवढंच राहिलं. आत काय आहे ते सांगायचं नाही, हात लावायचा नाही, आणि जिला उठून बाजूला होता येणार नाही ती बायको त्याच भिंतीला पाठ लावून बसणार.

त्यांनी वाडीतून सब्बल आणली.

पहिल्या घावाला टाइल तडकली. दुसऱ्याला एक पूर्ण तुकडा सुटून कमोडच्या झाकणावर पडला. तिसऱ्याला सब्बल आत गेली आणि काहीतरी प्लास्टिकचं कचकन वाजलं. भोकातून पाणी आलं. आधी थेंब, मग बारीक धार. यादोरावांना धाप लागली होती. त्यांनी शॉवरखालचा दांडा धरला आणि श्वास जागेवर येईपर्यंत तसेच उभे राहिले. मग वाकून भोकात पाहिलं. आत लोखंडी चौकट होती आणि चौकटीत पांढरी टाकी. फ्लशची टाकी. तिच्या पोटात सब्बलीएवढी खोक पडली होती.

त्यांनी मुख्य नळ बंद केला. पाणी पुसलं नाही.

गाडी दुपारी आली. आधी जीवन उतरला, मग रुचिता. तिनं डिकीतून ॲल्युमिनियमची एक चौकट काढली. पुढच्या दोन पायांना छोटी चाकं होती. गाडीचं मागचं दार उघडलं. वच्छलाबाईंनी आधी पाय बाहेर टाकले, मग चौकट धरली आणि उभ्या राहिल्या. मग चालू लागल्या. हळू, पण कुणी धरलेलं नव्हतं. यादोराव व्हरांड्यात होते, डोक्यावर आणि मिशीवर टाइलची पांढरी धूळ.

"असे काय पाहून राहिले?" वच्छलाबाई म्हणाल्या. "भूत पाहिलं का?"

"तू चालतेस."

"मंग? सांगतलं नोतं का, सकाळी चालतो म्हणून?"

"फोनवर काहून नाई चालली?"

"फोन आला का रुचिता मले बसवते. डॉक्टरनं सांगतलं हाये, चालता चालता बोलाचं नाई."

आतून जीवनचा आवाज आला. "बाबा! हे काय करून ठेवलं?"

सगळे बाथरूमच्या दाराशी जमले. वच्छलाबाईंची चौकट रुंद दारातून सहज आत गेली. यादोरावांनी भोकाकडे पाहिलं नाही.

"पोकळ आवाज आला," ते म्हणाले.

"आतमधी टाकी हाये म्हणून आला! आता टाकी आतच राहते बाबा, बाहेर दिसू देत नाई. विचाराचं त होतं मले."

"तुले काय विचारू? तू मले काय सांगतलं?" यादोरावांचा आवाज चढला. "दांडे काहून लावले? चाक कायचं, कडी काहून नाई, कोनं सांगतलं मले? मी म्हणलो, वच्छला आता उठत नाई. महिनाभर एकटा हेच घेऊन बसलो ना इथं. तुमी माह्यापासून लपवलं."

जीवननं रुचिताकडे पाहिलं. रुचितानं जमिनीकडे पाहिलं. त्यावरून यादोरावांना कळलं की काहीतरी लपवलं होतं हे खरंच आहे.

वच्छलाबाई शॉवरखालच्या दांड्यापाशी गेल्या. चौकट सोडून त्यांनी एक हात दांड्यावर ठेवला. त्यांचं कोपर छातीच्या वर आलं, पाणी उपसायला रहाटाचा दोर धरावा तसं.

"हा माह्यासाठी लावला का?" त्या म्हणाल्या.

"चुकला हाये तो. म्या सांगतलं भूषणले."

"चुकला नाई. इकडे या तुमी."

यादोराव जागचे हलले नाहीत.

"नळ कोनं उपटला जुना?" वच्छलाबाईंनी विचारलं. "खुंटी कोनं तोडली? आंघोळ करता करता बकेट उलटी करून कोन बसते? मी बाहेर उभी राहतो, मले ऐकू येते. पाणी थांबते, अन् मंग किती वेळ काहीच आवाज नाई. पुलावर कोन बसते, बांध्या पाहाले?"

"धाप त येतेच या वयात."

"येते ना. मंग पडले असते त कोनं काढलं असतं? आतून कडी लावून बसता तुमी."

"मलेच सांगाचं होतं ना."

"सांगतलं असतं त लावू देल्ले असते दांडे?" वच्छलाबाई म्हणाल्या. "म्हणून जीवनले म्हणलं, माह्या नावानं लाव. माह्या पायाच्या नावानं तुमी काही बोलणार नाई."

जीवननं टाइलचा तुकडा उचलला आणि कोनाड्यात साबणाशेजारी ठेवला. "टाकी नागपूरहून येईन," तो म्हणाला. "तोपर्यंत बकेटीनं पाणी टाकू. भूषणले मी बोलतो." थोडं थांबून तो म्हणाला, "बुधवारी छातीचा फोटो काढाले जाऊ बाबा. नंबर लावला हाये."

"तेबी तिच्या नावानं का?"

"नाई. तुमच्या नावानं."

वच्छलाबाईंनी यादोरावांकडे आपादमस्तक पाहिलं. "आधी आंघोळ करा. मिशी पाहा कशी झाली, बुढ्ढ्या बोक्यासारखी."

जीवननं मुख्य नळ सुरू केला. टाकीकडे जाणारं पाणी मात्र त्यानं तोटीपाशीच अडवलं. यादोराव टॉवेल घेऊन आत गेले. दिवा आपोआप लागला. त्यांनी दार ओढलं, सवयीनं हात कडीकडे गेला आणि रिकामा परत आला. बाहेर वच्छलाबाईंनी खुर्ची मागवली आणि त्या दाराला लागून बसल्या.

शॉवर सुरू होण्याआधी आतून आवाज आला. टणटण. बोटाच्या पेरानं स्टील ठोकल्याचा, पहिल्यांदा एकदा, मग दांड्याच्या दोन्ही टोकांना, जिथं तो भिंतीत जातो.

"पक्का हाये," यादोराव आतून म्हणाले.

"मंग धरा."

शॉवरचं पाणी सुरू झालं. जुन्या नळाखाली बादली भरायची, तांब्या वाजायचा, त्यावरून आत काय चाललंय ते वच्छलाबाईंना कळत असे. नव्या शॉवरचा आवाज एकसारखा होता. त्यात माणूस उभा आहे, बसला आहे, दांडा धरून आहे की नाही, काहीच कळत नव्हतं. त्यांनी पदराच्या गाठीतून एक नाणं काढलं, मुठीत धरलं आणि त्या दाराकडे कान लावून बसून राहिल्या.